लछूकाकांचं दुकान मी वाचवलं तेव्हा

हसू नका, पण दिल्लीहून शिकून परतलो तेव्हा उल्हासनगरमधलं लछूकाकांचं वाद्यांचं दुकान वाचवायचंच, असं मी ठरवलं होतं. माझी पहिली ढोलकी तिथलीच. एके दिवशी त्यांना न विचारताच दारात फलक धरून उभा राहिलो: ‘ऑनलाइन खरेदी बंद करा!’

दुपारी सोनिवलीच्या एक ताई रिक्षातून उतरल्या. हातात ढोलकीचं खोकं.

“ऑनलाइन घेतली?” मी विचारलं.

“हो ना. उद्या भावाची हळद, आणि ही वाजते पत्र्याच्या डब्यासारखी.”

“ताई, तुमच्यासारख्यांमुळेच अशी दुकानं मरतात!” मी चांगलंच सुनावलं. बिचाऱ्या खोकं घेऊन परत निघाल्या.

आतून लछूकाका धावत आले. “अरे साईं, ये क्या किया? काय बोललास तिला?”

“काका, तुमची बाजू घेतली.”

“माझी बाजू? इथून नवीन घेतो कोण आता? ऑनलाइनच्या बेसूर ढोलक्या सुरात लावून देतो, त्याच्यावर घर चालतं माझं! सकाळपासून गिऱ्हाईक का येत नाही, ते आत्ता कळलं!”

मग काय, फलक बगलेत मारून भर बाजारात ताईंच्या मागे धावलो. ओरडत होतो, “ताई, थांबा! ऑनलाइनच घेत जा!”