तीन मिनिटांच्या पुढे

मुलांच्या डॉक्टरकडे गर्दी होती. खोकणाऱ्या नातीला मांडीवर घेऊन बसलेल्या आजोबांच्या कानावर शेजारच्या दोघी बहिणींचं बोलणं पडत होतं. थोरलीच्या मांडीवर तिचं बाळ झोपलं होतं.

"परदेशात जाऊन गाण्याची स्पर्धा जिंकलीस, मग तोंड पाडून का बसलीस?"

"ताई, जो तो बोलावतो, पण तेच एक गाणं म्हणायला. नवं करायला बसले, की तीन मिनिटांत गाडी अडते."

"का गं?"

"तीन मिनिटांत गाणं संपवायचं, असा स्पर्धेचा नियमच होता. घड्याळ लावून वर्षभर घोटलंय ना."

"काल बाळाला झोपवताना मध्येच थांबलीस, ते त्यामुळे होय? डोळा लागत होता गं त्याचा!"

"मला वाटलं, संपलं."

"झालं, उठला बघ. आता तूच निस्तर."

धाकटी हलकेच गाऊ लागली. बाळाच्या पापण्या जड झाल्या, तेवढ्यात ती थांबली. बाळाने टक्क डोळे उघडले.

"थांबू नकोस, बाई!"

"पुढे काही नाहीच आहे गं."

"नसेल तर कर. तो काय परीक्षक आहे?"

ती पुन्हा गाऊ लागली. चाल जरा चाचपडली, मग भलत्याच वळणाला लागली.

"आजोबा, तुमचा नंबर!" नर्सने हाक मारली.

"हळू बोल, पोरी," आजोबा कुजबुजले. "दुसऱ्या कुणाला घे आधी. गाणं अजून चाललंय."