किसन भांडला नाही तो दिवस

माणसं कशी सांभाळावी ते आमच्या करीममामूंकडून शिकावं. निजामाच्या काळात मी हिंगोलीला कापसातली सरकी काढायच्या जिनात कामाला होतो, आन् मामू आमचे मुकादम. माझ्या शेजारच्या मशीनवर किसन असायचा. हा गडी रोज मामूंशी भांडायचा. पट्टा ढिला हाय, कापूस ओला हाय, प्यायचं पाणी गरम हाय. भांडल्याशिवाय त्याचा हातच चालत नसे.

एक दिवस मामू त्याला म्हणाले, "किसन, कापूस आज जरा ओलाच हाय."

"असू द्या, मामू," किसन म्हणाला.

मामूंनी तिथंच त्याची मशीन बंद करायला लावली. जिनाचे मालक शेठ धावत आले. "काहून बंद केली? आज तर गडी गुमान काम करून राहिला."

"म्हणूनच बंद केली, शेठ. याचं ध्यान इथं न्हाई. हात जाईल रोलरात."

मग मामूंनी किसनला बाजूला घेतलं. "काय तकलीफ हाय, बोल."

किसन रडायलाच लागला. घरी लेकरू तापानं फणफणलेलं, आन् रजा मागितली तर कामावरून काढतील म्हणून हा बोलला नव्हता. मामूंनी त्याला घरी धाडलं आन् स्वतः त्याच्या मशीनवर उभे राहिले.

पुढच्या आठवड्यात किसन परत आला. मशीन बघितली आन् गरजला, "कोणतं गाढव उभं होतं इथं? पार वाट लावली माझ्या मशीनची."

आमी सगळे मामूंकडं बघायला लागलो. मामू मात्र बाजूला उभ्या शेठकडं वळून हसले.

"शेठ, याचं लेकरू बरं झालं."