साक्षीला गाल

त्वचेच्या डॉक्टरांकडे शिंप्याचा नंबर आठवा होता. सातव्या नंबरावर शेजारी सासू-सून बसल्या होत्या आणि सासूबाईंचे गाल पुरळाने लाल झाले होते. शिंपी मासिक उघडून बसला खरा, पण त्याचे कान शेजारीच होते.

"आत गेल्यावर तेलाचं नाव काढायचं नाही."

"पण आई, तोंडाला काय लावता, हे डॉक्टर विचारणारच."

"पाणी लावते म्हणायचं. झेंडूच्या पाकळ्या मी स्वतः खुडते, सावलीत वाळवते, चाळीस दिवस तेलात मुरवते. फुलांनी कधी कुणाचं वाकडं केलंय?"

"तुमच्या चेहऱ्याची आग होतेय ना पण."

"ती पित्ताने. तेलाने असती तर तुझीही झाली असती. सहा महिने रोज लावतेस, आणि गाल बघ कसे लोण्यासारखे."

"हं."

"डॉक्टरांनी तेलाला नावं ठेवलीच, तर तुला पुढे करते. साक्षीला तुझाच गाल."

"आई, एक सांगू?"

"सांग की."

"आपलं शिलाई मशीन हल्ली अजिबात कुरकुरत नाही, असं तुम्ही परवा म्हणालात ना."

"म्हटलं. मग?"

"तुमचं तेल मी त्यालाच घालते. पहिल्या दिवसापासून."

शिंप्याने घाईघाईने मासिकाचं पान उलटलं. आतून सात नंबरची हाक आली. सासूबाई पिशवी काखोटीला मारून उठल्या.

"मशीनला पुरळ आलं का?"

"नाही, आई."

"मग डॉक्टरांना तेवढं सांग."