दुसऱ्यांदा तुटलेली कॅप

दाताच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या शिंपीकाकांच्या शेजारी दोघी बहिणी बोलत होत्या.

“ताई, सिरॅमिकची कॅप दुसऱ्यांदा तुटली? तुकडा पोटात नाही ना गेला?”

“नाही गं. झोपेत दात खाते म्हणे मी. मागच्या वेळी डॉक्टर म्हणाले, कॅप दणकट आहे, जबड्याला विसावा द्या.”

“दात खातेस? कुणावर?”

“कुणावर खाणार? आई रात्रभर हाका मारते. ओ दिली नाही की रडते.”

“महिनाभर माझ्याकडे पाठव तिला.”

“तुला झेपायचं नाही.”

“तुला तरी कुठं झेपतंय?”

ताईनं भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले.

जरा वेळानं आतून ताईचा नंबर पुकारला.

“काका, आधी तुम्ही जाता?” धाकटी कुजबुजली. “हिचा आत्ताच डोळा लागलाय.”

काका चपलांचा आवाज न करता उठले.