डिकीतली स्कूटर

शेवगावच्या दवाखान्याबाहेर बाकावर बसून मी रिक्षाची वाट बघत होतो. शेजारी एक बाई, मोटारीत बसलेल्या नवऱ्याची चालता न येणाऱ्यांसाठीची बॅटरीवरची स्कूटर डिकीत ठेवायला सुटी करत होत्या.

"गोजर, चावी काढलीस का?"

"काढली. आता बॅटरी, मग शीट."

"बॅटरी माझ्या मांडीवर दे."

"नगं. ब्रेक लागला तर पायावर पडंल. डिकीत पट्ट्यानं बांधते."

"तुला लई तरास. उद्या नातीच्या लग्नाला स्कूटर घरीच ठिवू. मी मोटारीतच बसंन."

"पुतन्याच्या लग्नातबी तसंच बसला. ताट मोटारीत आनून दिलं. घरी येऊन रडला."

"तू झोपली हुतीस ना?"

"न्हाई."

"...मागचा भाग जड हाय. एकटीनं उचलू नगं, उद्या लग्नातबी. त्या पाव्हन्यांना हाक मार."

मी आधीच उठलो होतो.