किडे मारणं हाच धंदा

सकुबाई – तो शर्ट काढ आधी. वैशाखऱ्याचे सुदामभाऊ वळणावर दिसले मला.

संदेश – आता काढून काय उपेग, आये? काल टोकावड्याला स्टँडवर त्यांनी वाचला. ‘किडे मारणं हाच माझा धंदा.’ वाचून हसले पण.

सकुबाई – हसतील नाय तर काय. मी गावभर सांगते पोरगा कंप्युटरचा इंजिनियर, नि तू छातीवर किडे घेऊन फिर.

संदेश – ऑफिसच्या पोरांनी गमतीत छापलेत गो. प्रोग्राममधल्या चुकीला आमी किडा म्हणतो.

सकुबाई – मग दुसरा घाल.

संदेश – दुसऱ्यावर ‘काल चालत होतं’ लिवलंय. तिसऱ्यावर ‘माझ्याकडं तर चालतंय’.

सकुबाई – आपला वायरमन पण हेच बोलतो. त्यांची निशिगंधा पसंत हाय ना तुला?

संदेश – हाय. म्हणून तर त्यांचं हसणं डोक्यातनं जात नाय.

सकुबाई – मग ते काय म्हणतील त्याला मान हलव. या भाऊ, बसा.

सुदाम – बसतो वयनी. संदेश, आधी हे बघ. माझ्या भाताचा दांडा. बाहेरून हिरवा, मधला पोंगा सुकलाय. खोडकिडा लागलाय. काय फवारू?

संदेश – मला विचारता, काका?

सुदाम – तूच लिवलंस ना छातीवर? खरं सांगू, लोकं म्हणायची पोरगा दिवसभर पडवीत बसलेला असतो. कंप्युटरचं मला वाटलं आयेची हौस. बसलेल्याला पोरगी कशी देऊ? काल शर्ट वाचला नि जीव भांड्यात पडला. फवारणीचं का होईना, काम करतो.

सकुबाई – करतो तर. लय फवारतो.

संदेश – आये, गप. काका, मी फवारणीवाला नाय. आये सांगते तेच खरं. मी ऑफिसचं काम घरनंच करतो, कंप्युटरमधले किडे काढतो. म्हणजे चुका.

सुदाम – दिसतात?

संदेश – नाय. वरून सगळं बरं दिसतं. काम अडलं की कळतं, आत काहीतरी बसलंय.

सुदाम – म्हणजे खोडकिडाच. मग मारतोस कसा?

संदेश – एकेक ओळ तपासत बसतो. लोकांना तेवढं बसलेलंच दिसतं.

सुदाम – नि मारला की संपलं?

संदेश – कसलं संपतं. एक मारला की दोन निघतात.

सुदाम – जलमभर?

संदेश – जलमभर.

सकुबाई – (कपाळाला हात लावून) घ्या. हे पण सांगून टाकलंन.

सुदाम – बरं केलं वयनी. आमचं भात दिवाळीला घरात, मग आमी रिकामे. ह्याच्या कामाला मरण नाय. टाका चहा.

संदेश – म्हणजे, काका?

सुदाम – म्हणजे चहा. नि असा शर्ट माझ्या मापाचा मिळंल?

संदेश – मिळंल. तुमाला कशाला पण?

सुदाम – फवारायला जाताना घालीन. तू मात्र साखरपुड्याला तेवढा साधा सदरा घाल.