जावयाच्या गाडीतला पिवळा दिवा

...नाही, तुम्हाला म्हणायला काय जातंय, एक दिवाच तर आहे, पेटला तर पेटला! तुमच्या समोर पेटलाय का तो? पिवळाधमक, स्टिअरिंगच्या मागे, बरोब्बर डोळ्यांसमोर, आणि आकार असा की पहिल्यांदा मला वाटलं नळाची तोटी आहे. बायकोला म्हणालोसुद्धा, बघ, गाडी पाणी मागतेय. मग पुस्तक काढलं. तुम्हाला सांगतो, जन्म कारकुनीत गेला, छापलेलं काहीही मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो, तसं गाडीचं पुस्तकही वाचलं. तर ते इंजिन आहे म्हणे. दिवा नुसता पेटलेला असेल तर गाडी लवकर दाखवून घ्या, आणि लुकलुकत असेल तर ताबडतोब थांबा. झालं, म्हणजे आजार आहेच, फक्त नातेवाइकांना कधी कळवायचं तेवढंच ठरायचंय.

आणि गाडी माझी असती तर मी घाबरलो असतो का? दिव्यावर चिकटपट्टी लावून मोकळा झालो असतो, नोकरीत दुसरं काय केलं? पण गाडी जावयाची. मुलीला घेऊन कामासाठी परदेशी गेला तेव्हा माझ्या हातात किल्ली ठेवून म्हणाला, बाबा, अधूनमधून फिरवत जा, नाहीतर बॅटरी बसेल. जावई माणूस वाईट नाही हो, ओरडत नाही, भांडत नाही... फक्त बोलणं टाकतो. सख्ख्या भावाने याच गाडीच्या दाराला ओरखडा काढला, तर त्या दिवसापासून दोघांत अबोला, एका टेबलावर जेवायला बसले तरी मीठ माझ्या मुलीमार्फत मागतात. आता मला सांगा, ओरखड्यासाठी भाऊ गेला, तर इंजिनासाठी सासरा टिकेल? आणि सासरा गेला की आमची लेक या घरात कोणत्या तोंडाने येणार? मीठ पोचवता पोचवता तिचा जन्म जायचा!

बरं, हे झालं कसं? तर आमचा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, त्याला आम्ही घरात सर्वज्ञ म्हणतो, तो समोर नसताना. एकदा शेजारी बसून गाडीतून आला आणि उतरता उतरता म्हणाला, "भाऊजी, गाडीला ओढ नाही." मला काय कळतंय ओढ? मी आपला बाजारात नेतो नि आणतो, तेवढ्याला कसली ओढ लागते? पण तो सुरूच झाला, खाली धुराच्या नळीत दोन डब्या असतात, धूर गाळायला, त्यांनी इंजिनाचा जीव गुदमरतो, काढून टाका, गाडी मोकळा श्वास घेईल, पेट्रोल कमी पिईल, जावई परत आल्यावर थक्क होईल. आणि तुम्हाला सांगतो, मी तिथे फसलो. त्या थक्क शब्दावर. उभ्या नोकरीत माझ्यावर कुणी थक्क झालं नव्हतं.

सर्वज्ञाच्या ओळखीचा मेकॅनिक होता. तो म्हणाला, काका, तुम्ही यांचे भाऊजी, तुमच्याकडून मजुरी कसली घ्यायची! मला तर गहिवरून आलं, आजकाल कुठे राहिलीत अशी माणसं? डब्या काढल्या, साधी नळी जोडली, गाडी सुरू केली तर आवाज असा की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली ती परत बसलीच नाहीत. ओढ मात्र आली, खोटं कशाला बोलू. पण पहिल्याच चौकात... दिवा पेटला.

मेकॅनिककडे गेलो. त्याने एक यंत्र जोडलं, कळ दाबली, दिवा गेला. मी खुशीत घरी आलो, संध्याकाळी भाजीला निघालो, दिवा हजर. पुन्हा गेलो. मग त्याने समजावलं, की डबीच्या आधी एक सेन्सर असतो आणि नंतर एक, नंतरचा धूर हुंगतो आणि बघतो की स्वच्छ झाला का नाही. आता डबीच नाही, तर स्वच्छ काय होणार कपाळ? म्हणून तो बोंब मारतो. त्यावर उपाय म्हणे, त्याचं नाक एक तुकडा लावून नळीपासून जरा लांब न्यायचं, म्हणजे त्याला नीट वास येत नाही. हे मला लगेच पटलं. आमच्याकडे हिशेब तपासायला साहेब यायचे तेव्हा आम्हीही त्यांची खुर्ची कपाटांपासून लांब, खिडकीशी, हवेशीर जागी ठेवायचो. पण साहेब खिडकीशी झोपायचे. हा सेन्सर झोपेना! नाक लांब केलं, आणखी लांब केलं... दिवा मात्र पेटलेलाच.

मग एकदा पुलाच्या चढावर बायको शेजारी, मागे वाहनांची रांग, आणि दिवा लुकलुकला. गाडी गचके खायला लागली. माझ्या डोळ्यांसमोर पुस्तकाचं ते पान, ताबडतोब थांबा. आता छापलेलं आहे म्हटल्यावर मी थांबलो. ताबडतोब. पुलाच्या मधोमध. मागचा ट्रकवाला खाली उतरून आला, मला वाटलं आता मारतो, पण त्याने माझे पांढरे केस पाहिले आणि अगदी गोड आवाजात विचारलं, आजोबा, खाली नदी बघायला थांबलात का? बायको म्हणाली, चालत आलो असतो तर एव्हाना घरी चहा झाला असता. मला नदीही दिसत नव्हती आणि बायकोही, मला जावई दिसत होता, टेबलापलीकडे बसलेला, मुलीला सांगतोय, तुझ्या बाबांना म्हणावं, मीठ.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मेकॅनिककडे, की बाबा रे, माझ्या डब्या मला परत लाव, नको मला ओढ. तर म्हणतो, "डब्या? त्या कधीच गेल्या काका." कुठे गेल्या? तर त्यांच्या आत म्हणे मौल्यवान धातू असतो, सोन्याच्या तोडीचा, लोक शोधत येतात. तेव्हा मला त्या फुकट मजुरीचा उलगडा झाला, आणि आला होता तो गहिवर जागच्या जागी आटला. नव्या मागवाव्या लागतील, कधी येतील सांगता येत नाही. आणि जावई तर रविवारी येणार! सर्वज्ञाला फोन केला, तर म्हणाला, भाऊजी, मी तुम्हाला एक डबी सांगितली होती का दोन, मला नीट आठवत नाही.

रविवारी विमानतळावर गेलो. मुलगी गळ्यात पडली, जावई वाकून पाया पडला, मी आशीर्वाद पुटपुटलो तो मनातून स्वतःलाच दिला. किल्ली त्याने घेतली. गाडी सुरू केली. त्या आवाजाला पलीकडच्या रांगेतलं एक तान्हं मूल रडायला लागलं. जावयाने आवाज ऐकला, दिवा पाहिला, गाडी बंद केली, खाली उतरला, नव्याकोऱ्या पँटीनिशी गुडघ्यावर बसून गाडीखाली डोकं घातलं. बराच वेळ. मग उठला, गुडघे झटकले आणि म्हणाला, "बाबा, दोन्ही?"

"दोन्ही," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर घरापर्यंत एक अक्षर नाही. मुलगी मागून एकदा त्याच्याकडे बघतेय, एकदा माझ्याकडे, जेवणाच्या टेबलाची तयारी करत असल्यासारखी. मी देवाला म्हणत होतो, हवं तर ओरडू दे, शिव्या घालू दे, चारचौघांत अपमान करू दे, पण बोलू दे. गाडी दाराशी आली. त्याने ती बंद केली, किल्ली काढली, माझ्या तळहातावर ठेवली, वरून माझी बोटं मिटवली आणि म्हणाला, "बाबा, गाडी आता तुम्हीच ठेवा."

बोलला हो! मला एवढं हायसं वाटलं, की त्याने काय केलं ते लक्षातच यायला वेळ लागला. आता नव्या डब्या माझ्या, तपासणीला धूर माझा, पुलावरचा ट्रकवाला माझा. त्याने स्वतःसाठी नवी गाडी बघायला सुरुवातही केलीय, सांभाळायला आम्ही कुणी नको म्हणून लांबच्या गावात उभी करणार आहे. आणि इकडे शेजारीपाजारी, नातेवाईक, सगळे घरी येऊन माझा हात हातात घेतात आणि म्हणतात, सासऱ्याला आख्खी गाडी दिली, जावई असावा तर असा!

असावा, असावा. मी मान हलवतो आणि त्यांना म्हणतो, बसा की, घरी सोडतो. अजून तरी कुणी बसलेलं नाही.